वैशालीची ओळ आहे की उडवली?

माझी सून वैशाली मेली, त्याला आज वर्ष झालं. आणि अजून तिच्या ऑफिसच्या कामाने माझं डोकं उठवलंय.

सकाळपासून चहा ठेवते आणि विसरते. गॅसवर सगळा राडा.

मी चौथीत शाळा सोडली. हे मी बोलतेय, फोन लिहितोय. चुका फोनच्या.

वैशाली लग्न होऊन आमच्या लालबागच्या खोलीत आली ती साफसफाईचं वेड घेऊन. मी गावाला गेले होते. हिने पोटमाळा उपसला. एकेक वस्तू हातात धरून घरातल्या सगळ्यांना विचारलं, हे कोण वापरतं? ज्याला कोणी हो म्हटलं नाही, ते भंगारवाल्याकडे.

त्यात आमच्या गणपतीचा पाट गेला.

आमच्याकडे मूर्ती घरच्या पाटावरच घडते. आषाढात पाट कारखान्यात नेऊन द्यायचा, गणपती त्यावरच बसून घरी येतो. तो पाट काढायचे मी. बाकीच्यांना वर्षभर त्याची आठवण कशाला येईल?

मी आले आणि अशी बोलले की वरच्या मजल्यावरची भांडी घासायची थांबली.

नवीन पाट आणला. त्याच्या पाठीवर मी लाल रंगाने लिहिलं, टाकू नये.

पुढे वैशाली कर्नलचं काम करायला लागली. मशीन चालू केलं की आत सगळ्यात आधी उठतं आणि बाकीच्यांना कामाला लावतं, ते कर्नल. तिची कंपनी हॉस्पिटलसाठी मशीन बनवायची, पेशंटला नळीतून थोडं थोडं औषध सोडणारं.

मशीनमध्ये जागा कमी पडत होती. साहेब म्हणाला, कोड छोटा करा. कोडचे सगळे तुकडे जोडून एक करणारा जो लिंकर असतो, त्याला सांगून ठेवलं की ज्या तुकड्याला दुसरा कुठलाच तुकडा बोलावत नाही, तो टाकून दे.

वैशालीने घरी आणलेलं मशीन ओट्यावर ठेवलं आणि वायर उपटली. वीज गेली की त्याने बॅटरीवर जाऊन कोकलायला पाहिजे.

गप्प.

औषध चालू, दिवे चालू, कुठे एरर नाही. फक्त अलार्मचा आवाज नाही. कारण तो आवाज करणारा कोड दुसऱ्या कुठल्या कोडच्या बोलावण्याने उठत नाही. वीज गेली की मशीनच त्याला थेट उठवतं. लिंकरला ते दिसत नाही.

ती कपाळावर हात मारून म्हणाली, "आई, लिंकरने पाट भंगारात दिला."

तेव्हा मला तिचं काम पहिल्यांदा कळलं. म्हटलं, मग लिही टाकू नये. म्हणाली, तेच लिहायचं असतं, त्याला कीप म्हणतात. एका ओळीचं काम. लिहिलं, परत वायर उपटली, आणि मशीन असं बोंबललं की शेजारीण धावत आली.

मग आजारपण आलं. परळच्या हॉस्पिटलात हिच्याच हाताला नळी, आणि ही उशाच्या मशीनकडे टक लावून.

"आई, मी गेल्यावर कोणीतरी नवीन येईल, आवराआवर करेल. ती ओळ काढली तरी काही बिघडलेलं दिसणार नाही. वीज जाईपर्यंत."

मी म्हटलं, "आधी पेज खा गो."

खाल्ली नाही.

परवा तिच्या ऑफिसातला संकेत भेटायला आला. बोलता बोलता म्हणाला, नव्या टीमने जुना कोड साफ करायला घेतलाय. मी विचारलं, वैशालीची ओळ आहे ना? म्हणाला, बघावं लागेल आजी.

बघावं लागेल म्हणजे काय रे? चहा अर्धा टाकून गेला, अजून फोन नाही. फोन वाजला की मीच धावते. दरवेळी लोनवाली.

गेल्या वर्षी दुखवट्यात आम्ही गणपती आणला नाही. पाट माळ्यावर पडून राहिला. मुलाने मध्ये सगळा माळा रिकामा केला, पण पाट उलटा करून बघितला आणि परत जागेवर ठेवला. काल तो कारखान्यात दिला.

तिच्या ऑफिसातले तुम्ही सगळे इथे ग्रुपवर आहात. तिच्या फोटोला हात जोडलेली चित्रं टाकता, मी बघते.

आज ती नकोत. उठा, मशीनची वायर उपटा.

वैशाली, तू नीज आता. यांच्या मागे मी लागते.

आणि तुम्ही श्रद्धांजली लिहू नका. वाजला, एवढंच लिहा.