माडाच्या आळ्यातलं चीज

दत्ताराम मयेकरांना मी ओळखत होतो असं म्हणायला जीभ अडखळते. मांडवीला आमची घरं लागून. तरी उमेदीची सारी वर्षं बोटीवरच्या स्वयंपाकघरात त्यांनी कशी काढली, हे मी कधी विचारलं नाही. मला तसं विचारता येत नाही.

त्यांच्या पत्नी नंदावहिनी वारल्या. पुढच्या वर्षी मयेकरांना ताप आला आणि त्यात नाकाचा वास गेला तो गेलाच. मुलगा ओमकारही बोटीवर. सुट्टीवर येताना तो फ्रान्सचं निळ्या बुरशीचं चीज आणी. सुरमई घेताना दाबून बघतात तसं मयेकर ते अंगठ्याने दाबत आणि फणसपोळीवर ठेवून मला देत.

"नाना, वास सांगा."

"ओल्या गोणपाटाचा."

"चव?"

"आधी खारट. मग सायीसारखी."

"शिकलात. पहिल्यांदा तर मी विष घातल्यासारखं तोंड केलंत."

एकदा तुकडा जिभेवर ठेवून ते बराच वेळ डोळे मिटून बसले.

"माक्याचं तेल," ते म्हणाले. "नंदा केसांना लावायची ते. दुसरा कसलाच वास येत नाही मला. यातच येतो."

तेव्हापासून ते नखाएवढाच तुकडा खात. चीज संपेल याचीच त्यांना धास्ती. ओमकार यायला अजून बराच अवकाश होता.

सून रसिकाने फ्रीज पुसताना चीजवरची ती बुरशी पाहिली. मासळीची घाण पुरतात तसं तिने ते नासकं समजून परसातल्या माडाच्या आळ्यात पुरलं आणि भाट्याला माहेरी गेली. हे मला तिच्याकडूनच कळलं, पण नंतर.

दुपारी मी डोकावलो तर मयेकर त्या माडाखाली उकिडवे बसलेले. फ्रीज त्यांनी उघडलाही नव्हता.

"इथे आहे ती," ते म्हणाले.

वारा पडला होता. मी वाकलो. आधी ओल्या मातीचा वास आला. मग माक्याच्या तेलाचा, कुणी आत्ताच जवळ बसून डोकं माखावं तसा. मी दोन पावलं मागे सरलो.

"तुम्हालाही आला," मयेकर म्हणाले. त्यांचा चेहरा मोकळा झाला होता. "मग आता काय संपायची भीती."

त्याच रात्री ते झोपेतच गेले.

त्या दुपारी माडाखालून निघताना मी एवढंच विचारलं होतं.

"पाव आणायला चाललोय. तुम्हाला हवेत?"

"आणा चार. कडक बघून."

"बरं."