पोपटीचा धूर

२०२३ साल, माझं वय बहात्तर. त्या साली मी रोह्यात भाड्याने खोली घेतली, आणि घेतली ती नेमकी जिथे माझी कंपनी होती तिथे. कंपनी बंद पडून बरीच वर्षं झाली. शेडी पाडल्या, धुराडं पाडलं आणि त्या जागेवर चार मजली इमारत उभी राहिली. तीस वर्षं मी तिथे बॉयलर पेटवला. माझ्या अंदाजाने, माझं आताचं स्वयंपाकघर येतं ते कोळशाच्या ढिगाच्या जागी.

पेणला मुलाचं घर आहे. बायको गेल्यावर मुलगा म्हणाला, "बाबा, आता तुम्ही नुसतं बसून खायचं." प्रेमानेच म्हणाला असेल, पण मला झोंबलं. बसून खायला मी काय देव्हाऱ्यातला देव? पिशवी भरली. दारात तो म्हणाला, चार महिन्यांत परत याल. हे त्याने बोलायला नको होतं. येणार असतो तरी मग आलो नसतो.

इमारतीत बहुतेक सगळे धाटावच्या केमिकल कारखान्यांत शिफ्टला जाणारे. कोणी दिवसा झोपतो, कोणी रात्री, आणि जिन्यात भेटेल तो अर्धा झोपेत. आमच्या गावात दार लावतात ते निजताना. मी इथेही उघडं ठेवायचो, कोणी डोकावलं तर डोकावलं. जाणारे थांबायचे, म्हाताऱ्याकडून चुकून उघडं राहिलं असं समजायचे आणि आवाज न करता ओढून घ्यायचे. माणसं चांगली. मी उठून पुन्हा उघडायचो.

खोलीचा मालक कतारला. त्याची आई मोहल्ल्यात राहते, सगळं तीच बघते. करार अकरा महिन्यांचा. तो संपत आला तशी ती आली आणि चहाही न घेता उभ्यानेच बोलली. इमारतीतल्यांचं म्हणणं, एकटा म्हातारा नको, उद्या काही झालं तर निस्तरणार कोण? मुलाने येऊन जबाबदारी घेतली तर पुढे राहा. मी म्हटलं, मुलगा येणार नाय.

"मग इमारतीतलं एक तरी कोणी सांगू दे, मी यांच्याकडे बघेन म्हणून," ती म्हणाली. "एक तरी ओळखीचं असेल ना, बाबा?"

एकही नव्हतं. आणि दारोदार जाऊन मला ओळखा म्हणणं माझ्याने होणार नव्हतं. पेणला परत जाणं तर त्याहून नाही.

वालाच्या शेंगा तेव्हा भरल्या होत्या. त्या दिवसांत आमच्याकडे पोपटी लावतात. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घालायचा, त्यावर मीठ-ओवा लावलेल्या शेंगा, अंडी, बटाटे, वर पुन्हा पाला कोंबायचा आणि मडकं उपडं घालून भोवती जाळ करायचा. भांबुर्डा म्हणजे बांधावरचं रानटी झुडूप, पण पाल्याचा वास असा उग्र की सगळ्या आळीला कळतं. गावात पोपटीचं बोलावणं कोणी करत नाही. वास गेला की माणसं आपणहून येतात. हे मला पटणारं होतं. मागायचं नाही, नुसतं पेटवायचं.

पाला जवळच्या निडी गावातून आणला. मडकं मोठंच घेतलं, एका माणसाची पोपटी नसतेच. रविवारी उन्हं कलल्यावर इमारतीमागच्या मोकळ्या जागेत जाळ केला. धूर थेट जिन्यात शिरला. मी विटेवर बसून वाट बघू लागलो.

आणि माणसं आली. सगळीच आली, धावत. नाकाला ओले रुमाल, पोरं कडेवर, एक जण तर अंगाला साबण तसाच ठेवून. धाटावची माणसं ती, अनोळखी उग्र वास म्हणजे गॅस सुटला हेच त्यांच्या डोक्यात. वारा कुठला ते बघून सगळी, कारखान्यात शिकवतात तशी, वाऱ्याला आडवी पळाली आणि फाटकापाशी घोळका करून उभी राहिली. आख्खा शेजार मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितला, तोही इतक्या लांबून.

मी उठून म्हटलं, "गॅस नाय, पोपटी हाय."

सोसायटीचे चेअरमन नाकावरचा रुमाल खाली करत आले. "आजोबा, जागा कुठली ही? या जमिनीत कंपनीचं काय काय मुरलंय, ठाऊक आहे?"

"ठाऊक नसायला काय झालं? तीस वर्षं मीपण मुरलोय तिच्यात."

दोघं-तिघं हसले. चेअरमन हसले नाहीत. म्हणाले, म्हणूनच एकटी म्हातारी माणसं नको म्हणतो आम्ही. सगळे वर गेले. एकामागून एक दारं लागल्याचं खाली ऐकू येत होतं.

मडक्यावर पाणी शिंपडलं, चर्र झालं. पोपटी झाली होती. कागदावर ओतली, तर वीस माणसांचा ढीग.

तेवढ्यात एक बाई परत खाली आली, हातात ताट. तिसऱ्या मजल्यावर राहते म्हणाली, माहेर निडीचं. "निडीची पोर भांबुर्ड्याला घाबरून पळाली, माझी मलाच लाज वाटली." उकिडवी बसली आणि शेंगा सोलायला लागली.

"मीठ जास्त झालंय, बाबा."

"मग नको खाऊस गो."

"एवढं सगळं एकटे खाणार व्हय?"

खोलीचं सगळं तिला ठाऊक होतं. इमारतीत आधी सगळ्यांना ठाऊक असतं, मग मला. हात पुसत ती म्हणाली, "मालकाच्या आईला मी सांगते, मी बघेन यांच्याकडे. पण काही झालं तर कळवायचं कोणाला, तेवढं सांगून ठेवा."

"कळवायला कोण नाय."

"मग मीपण नाय सांगत," म्हणाली आणि ताट घेऊन गेली.

राख विझवली, उरलेल्या शेंगा पिशवीत भरल्या. त्या संध्याकाळी मी दार उघडं ठेवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी घेऊन जिना चढलो. माझ्या मजल्याच्या वर तोवर कधी गेलो नव्हतो. तिचं दार कुठलं ते माहीत नव्हतं. पहिली दोन वाजवली ती चुकीची निघाली, त्यांनाही ओंजळभर शेंगा दिल्या. तिसरं तिचं होतं. मुलाचा नंबर मला पाठ आहे. एकेक आकडा सांगितला, तिने मोबाईलमध्ये घातला. मग म्हटलं, "मेलो तरच लावायचा. तापाबिपाला नाय."