रुमालाखालचा अंगठा

ती सकाळ आठवली की मी आजही बुचकळ्यात पडतो. सगळी हयात पोलीस खात्यात गेली. चोर ओळखले, थापाडे ओळखले, खोटे साक्षीदार तर नुसत्या खाकरण्यावरून ओळखले. पण मी स्वतः पोलीस आहे हे कुणाला तरी पटवून द्यायची वेळ माझ्यावर येईल, असं कधी वाटलं नव्हतं. ती आली, आणि मला ते जमलं नाही.

मी तेव्हा उदगीर-देवणीच्या पट्ट्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. निवृत्ती तोंडावर आली होती. सकाळची हजेरी झाली होती, रात्रगस्तीवाले जांभया देत घराकडे निघाले होते आणि मी स्टेशन डायरीवर नजर टाकत बसलो होतो. एवढ्यात बाहेर ठाणे अंमलदाराचा आवाज चढला. त्याच्या टेबलासमोर साठी उलटलेली एक बाई उभी होती. कपाळावर भस्माचे पट्टे, पदर कमरेला घट्ट खोचलेला, पायात चप्पल नाही.

"माज्या मालकाला सोडा," ती म्हणत होती.

"कुणी धरलंय त्यांना, मावशी?"

"तुमीच की! पोलिसानं."

"कुठं ठेवलंय?"

"घरीच हाय. घरातच अटक केलीया कालपसून."

"घरात पोलीस किती हायत मग?"

"येक बी न्हाई."

अंमलदाराने माझ्याकडे पाहून डोक्याजवळ बोट फिरवलं. क्षणभर मलाही तसंच वाटलं. पण माझा एक अनुभव आहे. खोटं बोलणारा फिर्यादी घोकून येतो, त्याची गोष्ट कशी सुतासारखी सरळ असते. जो कोड्यात बोलतो त्याच्यावर बहुतेक वेळा खरंच काहीतरी ओढवलेलं असतं. मी तिला आत बोलावलं, पाणी दिलं आणि पहिल्यापासून सांग म्हणालो.

तिच्या नवऱ्याला सगळा बाजार आप्पा म्हणत असे. बैलबाजारातले जुने दलाल. आमच्याकडे देवणी जातीच्या बैलांचा सौदा तोंडाने होत नाही. दलाल आणि गिऱ्हाईक एकमेकांचे हात धरतात, वरून रुमाल टाकतात आणि बोटं दाबून भाव ठरवतात. भोवती शंभर माणसं उभी असली तरी भाव त्या दोन हातांनाच ठाऊक. आप्पांचा उभा जन्म त्या रुमालाखाली गेला होता. जनावराच्या दातावरून वय आणि माणसाच्या तळव्यावरून नियत ओळखणारा माणूस, अशी त्यांची ख्याती.

अशा माणसाला आदल्या दिवशी फोन आला. दिल्लीचा मोठा पोलीस साहेब बोलतोय म्हणून. आप्पांची नात नांदेडला नर्सिंग शिकत होती. तिच्या नावाचं पार्सल पकडलंय, त्यात अमली पदार्थ सापडलेत, तिच्यावर गुन्हा दाखल झालाय, असं त्याने सांगितलं. आजोबाने सहकार्य केलं तर पोरगी वाचेल, नाहीतर आत्ता वसतिगृहातून उचलू. सहकार्य म्हणजे काय, तर 'डिजिटल अरेस्ट'. व्हिडिओ कॉल चालू ठेवायचा, कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही, कुणाशी बोलायचं नाही. आणि आज बँक उघडली की चालू फोन खिशात घालून जायचं आणि होती नव्हती ती पुंजी 'सरकारी खात्यात' तपासणीसाठी भरायची. पुंजी त्याच पोरीच्या शिक्षणासाठी ठेवलेली होती.

"म्हशीला पानी पाजून येते म्हनून निघाले, साहेब," बाई म्हणाली. "म्हैस तान्हेली न्हवती. खोटं बोलले."

या प्रकाराबद्दल वरून परिपत्रक आलं होतं. आम्ही ते फलकावर डकवलंही होतं. फलक वाचायला ठाण्यात कोण येतं, हा वेगळा प्रश्न. मी जमादारांना नांदेडला फोन लावायला सांगितलं, म्हणजे तिथली एखादी महिला पोलीस त्या पोरीकडे जाऊन तिची खुशाली कळवील. बँक उघडायला अवकाश होता. मनात म्हटलं, जाऊ, गणवेश दिसला की म्हातारा शुद्धीवर येईल. किती सोपं वाटलं होतं ते!

घराला आतून कडी होती. ओसरीवरच्या खिडकीतून आत पाहिलं. आप्पा बाजेवर ताठ बसले होते, खांद्यावर रुमाल, समोर तांब्याला टेकवून ठेवलेला मोबाईल. चेहरा उतरलेला. रात्रभर झोपले नसावेत.

"आप्पा, मी ठाण्याचा साहेब. दार उघडा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि फोनला हात जोडले. "साहेब, तुमी म्हनला तसंच झालं बगा. ते आलेत."

मला काही कळेना. मग उलगडलं. फोनवरच्याने त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं की गुन्हेगारांची टोळी पोलिसांच्या वेषात दारात येईल, उघडू नका. म्हणजे मी येणार हे त्यांना ठाऊक होतं, फक्त मी खोटा म्हणून येणार होतो.

मी ओळखपत्र गजातून आत धरलं. आप्पांनी ते नीट पाहिलं. दलालाची नजर.

"असलंच त्येंनी बी दावलं. त्येच्यावर बी शिक्का हाय, तुमच्यावर बी हाय. आता कोनता खरा म्हनू मी?"

"अहो, माझ्या अंगावर वर्दी आहे."

"त्येंच्या बी हाय. अन् कडक इस्त्रीची हाय. तुमची चुरगळलीया."

मागे जमादारांना खोकल्याची उबळ आली. मी त्यांच्याकडे डोळे वटारून पाहिलं. जीपमध्ये बसून आलेल्या माणसाची वर्दी चुरगळणारच. पण हे सांगायचं कुणाला?

तेवढ्यात नांदेडहून फोन आला. महिला पोलीस पोरीजवळ पोहोचली होती. जमादारांनी फोन स्पीकरवर टाकून खिडकीशी धरला. "आजोबा, मी बरी हाय. हितं पोलीस म्याडमबिगर कुनीच आलं न्हाई. तुमी पैसे नका भरू," पोरगी रडत रडत बोलत होती. आप्पांचे डोळे भरून आले. ते उठू लागले. मला वाटलं, संपलं.

"बैठ जाइए," फोनमधला आवाज शांतपणे म्हणाला. "लड़की दबाव में बोल रही है। उसके पास जो औरत खड़ी है, वो भी नकली है।"

आप्पा बसले. "घाबरू नको गं पोरी," ते नातीला म्हणाले. "दुपारपस्तोर सोडवतो तुला."

मला एवढी चीड क्वचित आली असेल. पोरगी सांगतेय मी मोकळी आहे, आणि आजोबा तिला सोडवण्यासाठी तिचंच शिक्षण विकायला निघालाय. जे जे खरं म्हणून आम्ही पुढे करत होतो ते ते त्या फोनवाल्याने आधीच खोटं ठरवून ठेवलं होतं. पुरावा जितका जास्त, तितके आम्ही जास्त खोटे.

मग तो आवाज माझ्याकडे वळला. "खिड़की पे कौन है? नाम बताओ, रैंक बताओ। किसके ऑर्डर से आए हो? लाइन पर रहो, आपके सीनियर को कॉल में ले रहा हूँ।"

आणि खरं सांगतो, माझ्या टाचा आपोआप जुळल्या. उभ्या आयुष्याची सवय. तोंडातून "सर" निसटता निसटता राहिलं. क्षणभर मनात आलंसुद्धा, दिल्लीचं एखादं पथक खरंच असेल तर? आपणच मधे तडमडत असलो तर? हा भामटा आहे हे मला पक्कं माहीत होतं, त्याच्यासाठीच मी आलो होतो, आणि तरी माझा हात वर्दीचं वरचं बटण लावायला गेला. आयुष्यभर चौकशा मी केल्या, त्या दिवशी ओसरीवर उभं करून माझी चौकशी झाली.

"दार तोडू का, साहेब?" जमादार कुजबुजले.

बाईने माझा हात धरला. "नगा. कुनी दार तोडलं तर आडात उडी घेतो म्हनलेत, रातीच."

आड परसात होता, आणि आम्ही पुढचं दार तोडेपर्यंत आप्पा मागच्या दाराने तिथे पोचले असते. शिवाय दार तोडणारे खोटे पोलीसच, हे फोनवाल्याने शिकवून ठेवलं असणारच. बँक उघडायची वेळ जवळ येत होती. मी वर्दी, पिस्तूल, ओळखपत्र असा सगळा जामानिमा घेऊन ओसरीवर उभा होतो, आणि काय करावं ते मला सुचत नव्हतं.

गलका ऐकून शेजारपाजारचे जमले होते. त्यांतून एक दाढीवाले म्हातारे पुढे आले. हे आप्पांचे बाजारातले जोडीदार. लोहा, मुदखेड, जिथे बाजार असेल तिथे दोघांनी मिळून बैल घेतले-विकले होते. सगळे त्यांना चाचा म्हणत.

"क्या हुआ की, साब?"

मी थोडक्यात सांगितलं. मला वाटलं, आता हेही खिडकीशी जाऊन ओरडणार आणि फोनवाला म्हणणार, हा पण नकली. पण चाचांनी खांद्यावरचा रुमाल काढला, उजव्या हातावर टाकला आणि तो हात गजातून आत घातला. तोंडातून अवाक्षर नाही.

आप्पांनी हाताकडे पाहिलं. फोनकडे पाहिलं. तोंडावर फोनवाल्याचा पहारा होता, हातावर नव्हता. बाज खिडकीला लागूनच होती. नजर कॅमेऱ्यावर ठेवून त्यांनी डावा हात अलगद बाजूला सारला आणि रुमालाखाली घातला. तो विचार करून घातला असं मला वाटत नाही. पुढे आलेल्या रुमालाखाली त्यांचा हात जन्मभर आपोआप जात आला होता.

रुमाल हलला. थांबला. पुन्हा हलला. आम्ही सगळे त्या कापडाकडे बघत होतो आणि आम्हाला काही म्हणजे काही दिसत नव्हतं. फोनवाल्यालाही दिसत नव्हतं. त्याचं आपलं चालूच होतं, बँकेत काय सांगायचं, कोणता अर्ज मागायचा.

आप्पांच्या कपाळावर आठी पडली. त्यांनी चाचांकडे मान वळवली. चाचांनी डोळे मिटून उघडले. रुमाल पुन्हा एकदा हलला, या वेळी जोरात.

आप्पांनी खोल श्वास घेतला. "साहेब," ते फोनला म्हणाले, "जरा हात द्या तुमचा."

"क्या?"

"हात. आमच्यात हात धरल्याबिगर सौदा होत न्हाई."

पलीकडून आवाज चढला. मग शिव्या सुरू झाल्या. असल्या शिव्या दिल्लीचा कुठलाही साहेब देत नाही. आप्पांनी फोन उचलला आणि बाजेखालच्या आंबोणाच्या घमेल्यात, भिजत घातलेल्या पेंडीत बुडवला. कडी वाजली, दार उघडलं.

"अहो, पुरावा!" मी ओरडलो. जमादारांनी घमेल्यात हात घालून तो फोन कोपरभर पेंडीतून बाहेर काढला. पंचनाम्यात त्याचं वर्णन काय लिहावं यावर नंतर ठाण्यात बराच खल झाला.

आप्पा मात्र माझ्याजवळ आलेच नाहीत. चाचांच्या खांद्यावर डोकं टेकून लहान पोरासारखे रडत होते. "पोरीला कायबी करनार न्हाईत ना रं?"

"कुछ नै होता रे. फोनातला मानूस, हात कुठून आननार त्यो?"

मी चाचांना बाजूला घेतलं. "आत काय बोललात?"

"बोललो न्हाई, साब. अंगठा दाबला, तळव्यात." त्यांनी माझ्या तळव्यावर दाबून दाखवलं. "हम दोनों का इशारा हाय. बैल दिसायला झकास असतो, मालक गोड बोलायला असतो, पन एकाला जनावराची खोड कळली की दुसऱ्याला अंगठा. खोड हाय, सोड. आज तक वो अंगठा झूट नै निकला."

गुन्हा नोंदवला, सायबर शाखेला कळवलं, ज्यात पैसे भरायला सांगितले होते त्या खात्याबद्दल बँकेला नोटीस गेली. धागा एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेला आणि तिथेच हरवला. तो माणूस कोण होता मला आजही माहीत नाही. त्याच्या कडक इस्त्रीचा राग मात्र अजून येतो.

लोक विचारतात, असल्या फोनपासून वाचायचं कसं? नियम मी सांगतो, ते साधेच आहेत. फोनवरून अटक करायची तरतूद कोणत्याही कायद्यात नाही. चौकशीसाठी पैसे भरून घेणारा पोलीस पोलीस नसतो. फोन बंद करा, जवळच्या ठाण्यात जा, पैसे गेले असतील तर लगेच तक्रार द्या. पण हे सगळं मला माहीत असूनही माझ्या टाचा जुळल्या होत्या, तेव्हा नुसत्या माहितीवर माझा फार भरवसा उरलेला नाही. ही माणसं पहिली गोष्ट सांगतात ती म्हणजे कुणाला सांगू नका. त्यांचा सगळा धंदा त्या एका वाक्यावर उभा आहे. म्हणून पहिली गोष्ट करायची ती हीच, सांगायचं. बायकोला, शेजाऱ्याला, ज्याचा हात ओळखीचा आहे त्याला. भीतीने डोकं बधिर झालं की खरं-खोटं आपल्याला एकट्याला कळत नाही. मला कळलं नाही, तर इतरांचं काय घेऊन बसलात?

माझ्या निरोपसमारंभाला आप्पा आले, सोबत चाचा. नातीचं शिक्षण पुरं होत आलं होतं. भाषणं चालू असताना आप्पा शेजारी येऊन बसले, न बोलता माझा हात घेतला आणि वर रुमाल टाकला. त्यांची जाड बोटं माझ्या तळव्यावरून एकदा फिरली, मग त्यांनी माझी चारही बोटं एकत्र धरून हलकेच मिटली. मला अर्थ लागेना. मी चाचांकडे पाहिलं.

चाचा हसले. "साब, उस दिन तुमी कार्ड दावलं, वर्दी दावली, पन हात दिलाच न्हाई. आज बघितला त्यानं."

"मग? काय म्हणतात आप्पा?"

"खोड न्हाई, म्हनतोय."