बाबांच्या ईमेलची चाबी

मागच्या वर्षी बाबांचं ईमेल खातं कोणीतरी बळकावलं आणि त्यांच्या नावानं सगळ्या नातेवाइकांना मेल गेले, की मी दवाखान्यात आहे, लवकर मदत करा. आत्या घाबरून पांढरकवड्याहून गाडी करून मारेगावला आली, तर बाबा अंगणात तूर वाळवत बसलेले. ते खातं परत मिळवण्यात माझी सगळी सुट्टी गेली.

म्हणून मी पुण्याहून दोन चाब्या घेऊन गेले. दिसायला पेनड्राइव्हसारख्या. नव्या कॉम्प्युटरवरून खातं उघडायचं तर नुसता पासवर्ड पुरत नाही, ही चाबी लावून तिच्यावर बोट ठेवावं लागतं. एक रोजची, दुसरी हरवण्याच्या भीतीनं कपाटात. आई आपल्या खात्यासाठी हे एका दमात शिकली. बाबांनी जन्मभर शाळेत गणित शिकवलेलं. त्यांचं म्हणणं, फोनवर नंबर येतोच, मग हे कायले? तो नंबर तुम्ही विचारेल त्याला सांगता, असं मी म्हटल्यावर ते जेवायलाच उठले नाहीत.

मी परतल्यावर त्यांनी रोजची चाबी शेजाऱ्याला दिली. ट्रॅक्टरवर ऐकायला भजनं भरून दे म्हणून. शेजाऱ्यानं खराब आहे म्हणून परत आणून दिली. मी फोनवर सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

मग एके दुपारी मी ऑफिसात असताना बाबांचा फोन आला. आवाज चिडलेला.

"तुई चाबी काही कामाची नाही. साहेब बिचारा कवाचा खटपट करून राह्यला, त्याच्याकडं खातं उघडूनच नाही राह्यलं."

कोण साहेब, मी विचारलं. कंपनीचा माणूस होता म्हणे. फार अदबीनं हिंदीत बोलला. तुमचं खातं बंद पडणार आहे, म्हणाला. बाबांनी त्याला पासवर्ड एकेक अक्षर फोड करून सांगितला होता. पुढं त्याच्या कॉम्प्युटरवर चाबी मागितली गेली, तेव्हा ती फोनवरून कशी द्यायची हे दोघांनाही कळेना. शेवटी बाबांनीच त्याला घरचा पत्ता देऊन मारेगावला बोलावलं होतं, जेवायलाच या म्हणून.

मी इतक्या जोरात ओरडले, की शेजारच्या टेबलावरची माणसं वळून पाहू लागली. बाबांनी फोन आईकडं दिला. चोर होता तो, त्या चाबीनंच खातं वाचलं, हे मी तिला सांगितलं. तिनं ते त्यांना सांगितलं.

संध्याकाळपर्यंत बसून पासवर्ड बदलला. त्यातही बाबांचा वाद चालूच, की चाबी एवढी मजबूत आहे तर पासवर्ड काहून बदलाचा? माझं डोकं दुखायला लागलं होतं. फोन ठेवता ठेवता आई म्हणाली, "ते विचारून राह्यले, त्या माणसाले येऊ नको म्हणून सांगा लागन का?"