करवती काठाची बंडी

भर मे महिन्यात, पंचेचाळीस डिग्रीच्या उन्हात, गोळीबार चौकातली चंद्रकला हीटरची बारीक तार मागायला गेली. अंगात घालायला गरम बंडी करायची आहे म्हटल्यावर दुकानदार पोट धरून हसला. हसेना का बापडा! त्याला कुठं उणे अठरात उभं राहायचं होतं?

चंद्रकला बुटीबोरीच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये मटारची पाकिटं खोक्यांत भरते. बाहेर डांबर वितळतं आणि आत श्वासाची वाफ होते. कंपनीनं बायकांना कोट दिले आहेत, नाही असं नाही. बारा बायकांत चार! एकीच्या घामानं ओला झालेला कोट दुसरी अंगात घालते आणि आत शिरली की तो घाम पाठीवर गार पडतो. साहेबांचे कोट मात्र ज्याच्या त्याच्या नावाच्या खुंटीला. दोन मिनिटं डोकावणाऱ्याला जाडजूड कोट आणि आठ तास राबणारीला उष्टा. कुठला हा न्याय?

दोन वर्षांत चंद्रकलाची पाठ धरली. सकाळी वेणी घालायला हात मागं जाईना. तिनं कोट मागितला, तर शिफ्टचा इन्चार्ज पंकज म्हणाला, "बजेट नाही, मावशी." पाठीला कुठून असणार बजेट!

पण घर विणकरांचं होतं. सासरे बाबाराव पंचाहत्तरीचे, त्यांच्या हातमागावर दहा वर्षांपासून गाद्या रचलेल्या. तिनं गाद्या उतरवल्या, उभ्या सुताचा ताणा चढवला आणि आडव्या सुतात मधूनमधून तार घालत या काठापासून त्या काठापर्यंत कापड विणून काढलं. ड्रिल मशीनची जुनी बॅटरी जोडली आणि कापड अंगाभोवती गुंडाळलं. पाच मिनिटांत कमरेला असा चटका बसला की ती किंचाळलीच. काठाशी वळताना तार तारेला भिडली होती.

बाबाराव खाटेवरूनच करवादले, "काहून वं, विसरली का? काठाले धोटा वेगळा राह्यते, पोटाले वेगळा!"

करवती लुगड्याची ती रीतच आहे. आडवा धागा नेणारे धोटे तीन, एक मधला आणि दोन काठांचे दोन. मधला धागा काठात शिरत नाही, काठाच्या धाग्यात अडकून मागं फिरतो आणि त्या जोडावर करवतीचे दाते उमटतात. म्हातारा उठला आणि स्वतः मागावर बसला. आता तारेचं प्रत्येक वळण काठाच्या सुतात जखडलेलं. शेजारच्या वळणाला भिडायची काय टाप! ते कापड जुन्या गोधडीच्या दोन पदरांत शिवलं, बॅटरीला आत पोटाशी खिसा केला, कारण थंडीत तीही मान टाकते. खालचा लाल काठ मात्र बाबारावांनी झाकू दिला नाही.

आठवडाभरात चंद्रकला पुन्हा आपली वेणी आपण घालू लागली.

मग पंकजच्या नजरेला बंडी पडली. "मावशी, बॅटरी अंदर अलाउड नाही. आग लागली तर?"

"साहेब, एवढ्या बर्फात?"

"रूल म्हणजे रूल. काढा." त्यानं बंडी कपाटात टाकून कुलूप लावलं. चंद्रकलाच्या तोंडाशी खूप आलं होतं, पण नोकरी जायची, म्हणून तिनं ते गिळलं. पुन्हा उष्टा कोट, पुन्हा ती पाठ.

दहा दिवसांनी मोठ्या ऑफिसातून पाहुणे आले. पंकज त्यांना आत घेऊन आला आणि निघायचं नावच घेईना. एरवी दोन मिनिटांत दात वाजवत पळणारा हा गडी अर्धा तास खुशाल बोलतोय, हे बघून बायका एकमेकींकडे बघू लागल्या. खोकं दाखवायला तो वाकला, कोट वर सरकला आणि कमरेशी लाल करवतीचे दाते दिसले.

पाहुण्या बाईंनाही दिसले. "छान आहे हो. गरम होतं? कुठून घेतलं?"

"ऑनलाइन, मॅडम."

"मग ऑफिसर लोकांसाठी मागवून टाका ना!"

चोरी एकवेळ तिनं गिळली असती. पण म्हाताऱ्याच्या हातचा काठ ऑनलाइन? चंद्रकलानं हातातलं पाकीट खाली ठेवलं.

"ऑनलाइन नाही, मॅडम. गोळीबार चौकातली हाय. माह्या सासऱ्यानं विणली, मी शिवली, अन् या साहेबानं आग लागन म्हणून माह्या अंगातून काढून घेतली." मग ती पंकजकडे वळली. "काहून जी साहेब, आग त नाही न लागली?"

पंकजनं कोट खाली ओढून काठ झाकला.

"रूल म्हणजे रूल," ती म्हणाली. "काढा."

सगळ्यांच्या देखत त्यानं आधी कोट काढला, मग बंडी. चंद्रकलानं ती त्याच्या घामासकट अंगात चढवली. उष्टं घालायची तिला दोन वर्षांची सवय होती.