जाऊबाईंचं मत

परवा बातम्यांत सांगितलं, कुठल्याशा देशात राज्यघटना बदलायची म्हणून सगळ्या जनतेचं मत घेतलं. आम्हाला घटनेबद्दल कुणी विचारलं नाही. दारूच्या दुकानाबद्दल मात्र एकदा विचारलं होतं.

आमचं गाव सावित्रीकाठी, तुडीलच्या पुढे. देशी दारूचं सरकारमान्य दुकान एसटीच्या थांब्याला लागूनच. ते बंद करायचं तर गावच्या बायकांनी मतदान करायचं. मतपत्रिकेवर दोन चित्रं, उभी बाटली आणि आडवी बाटली. आडवीवर शिक्का म्हणजे दुकान बंद. पण अट अशी, की यादीत जेवढ्या बायका, त्यांच्या निम्म्याहून जास्त शिक्के आडवीवर पडायला हवेत.

मी इरेला पेटले होते. थोरल्या दिरांचा मार सोसून सोसून माझी जाऊ दोन वर्षांपूर्वी गेली होती, आणि आता आमच्या ह्यांचीही पावलं थांब्याकडे वळू लागली होती. मुंबईला गेलेल्या बायकांना मी निरोप धाडले. वीर स्टेशनला उतरून, रिक्षात दाटीवाटीने बसून त्या आल्या. एक तर तान्हं मूल घेऊन आली. म्हणाली, "येवढ्यासाठी आले गो, आता आडवी केल्याबिगर जायाची नाय."

मोजणी शाळेत झाली. आडवीला पडली यादीच्या बरोबर निम्मी मतं. एक कमी.

"उभीला एवढी मतं कुणी दिली?" मी चिडून मोजणीच्या साहेबांना विचारलं.

"उभीला फारशी नाहीत, बाई. पण यादीतली जी आली नाही, ती दुकानाच्याच बाजूची धरावी लागते."

यादी भिंतीवर लावली होती. बोट फिरवत गेले, तर माझ्या नावाच्या वरच जाऊबाईंचं नाव.

यादी दुरुस्त करायला गुरुजी घरी आले होते, तेव्हा त्यांनी मलाच विचारलं होतं, "मयताचं नाव कमी करू ना?" मीच म्हटलं होतं, "ऱ्हाऊ द्या, गुरुजी. घरात तिचा काय ऱ्हायला नाय, कागदावर तरी ऱ्हाऊ दे." गुरुजींना भीड पडली. ते एक नाव कमी असतं, तर तेवढीच मतं निम्म्याहून जास्त भरली असती.

ज्या दुकानानं जाऊबाईंचा जीव घेतला, त्यालाच त्यांचं मत पडलं. ते मी घालायला लावलं.

संध्याकाळी हे आले ते थांब्यावरूनच. दार उघडताच वास आला. मी ताट वाढायला घेतलं. कुठल्या तोंडानं बोलणार होते?