मी ‘मृत’ ठरवलेले धावडे

माझ्यासारख्या नवखीने येथे लिहिण्याचे धाडस करावे, याबद्दल प्रथम क्षमस्व.

हवेतला कार्बन साठावा म्हणून किनवटजवळच्या जुन्या गायरानावर देशी झाडे लावली आहेत. आज त्यांच्या पाहणीत मी यादीतल्या धावड्याच्या सर्व निष्पर्ण रोपांपुढे ‘मृत’ असे लिहिले. उद्या ती उपटली जाणार होती.

शेळ्या राखणाऱ्या मालनमावशींनी एका खोडावर नख ओढले. आत हिरवेगार!

“पानं गळली की मेलं व्हय? लातूरला क्लासला होतीस ना गं?”

“पानझडी वृक्ष अभ्यासक्रमात होते, मावशी. पूर्ण गुण मिळाले होते.”

“माझी शेळी हुशार हाय मग. मेल्या झाडाला तोंड लावत न्हाई. ह्या रोपांवर मात्र टपून बसलीय, म्हणून तर सकाळपासून तिला इथून हाकलून राहिले!”

मावशींसोबत एकेक खोड तसेच तपासत मी यादी नव्याने लिहिली. ‘तपासणारी व्यक्ती’ या रकान्यात मावशींचे नाव घातले.

ज्यात पूर्ण गुण मिळवले तोच धडा समोर उभा असूनही ओळखता आला नाही, असे तुमचेही कधी झाले आहे का?

१२ मार्च २०२३, सायंकाळी ७ वाजून १० मिनिटे